खाडीतून बोट हवीच, पण आधी तिथी बघा

ठाणे-कल्याणच्या ट्रॅफिकवर बोलणं निघालं की कुणीतरी विचारतंच, "खाडीतून बोटी का नाही चालवत?" चालवायलाच हव्यात! शिवरायांनी आरमाराची सुरुवात केली ती कल्याण-भिवंडीच्या याच खाडीत. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग क्र. ५३ झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणारी बोटही सुरू झाली. पण आपल्याकडे भूमिपूजन होतं जेट्टीचं, पाण्याचा विचार मागाहून.

भरतीचं गणित कोळीवाड्यात पोरांनाही येतं. तिथीची पाऊणपट करा, आली भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनव-अवसेला बाराच्या आसपास. हे मुंबईच्या समुद्राचं झालं, खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा.

आता ऑफिसची वेळ बघा. पुनव-अवसेला सुकती, म्हणजे पाणी सगळ्यात खाली जाण्याची वेळ, सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास, कल्याणकडे त्याहून उशिरा, म्हणजे ऐन गर्दीत. त्यात उधाणाची, म्हणजे पुनव-अवसेच्या मोठ्या भरतीनंतरची, सुकती सगळ्यात खाली उतरते. आठची बोट द्वादशीला झोकात निघेल आणि तीनच दिवसांनी गाळात रुतेल. म्हणून वेळापत्रक एकतर तिथीप्रमाणे बदलतं ठेवा, नाहीतर सुकतीलाही बोट तरंगेल एवढा मार्ग खोल करा.

खोल केला तरी तो टिकत नाही, खरी मेख ही आहे. ठाण्याजवळ ठाणे आणि वसई या दोन्ही खाड्यांची भरती समोरासमोर येते, पाणी थबकतं आणि गाळ खाली बसतो. तो वाहून न्यायला ओहोटीला जोर लागतो. तिवरांवर आणि खाजणांवर (भरतीचं पाणी पसरतं त्या खाऱ्या जमिनींवर) भराव घातला की भरतीला आत शिरणारं पाणीच घटतं, मग ओहोटीला ओढ कुठून येणार? एकीकडे भराव घालायचा आणि दुसरीकडे दरवर्षी गाळ उपसणाऱ्या ड्रेझरची बिलं भरायची, हे मला अजिबात पटत नाही.

पुलांचं उलटं असतं. भरतीला खाली पाणी भरपूर, पण डोक्यावरची जागा कमी. त्यामुळे बोट बुटकीच हवी, तळ उथळ हवा.

जेट्टीही पक्क्या पायऱ्यांची नको. उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त वर-खाली होतं, खालच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, म्हाताऱ्या माणसाने उतरायचं कसं? तरंगता धक्का आणि बिजागरीचा पूल हवा. धक्क्याखालचा गाळही काढत राहावा लागतो, नाहीतर सुकतीला धक्का तिरका बसतो.

मशीनची काळजी वेगळीच. उथळ पाण्यात पंखा गाळ ढवळतो, तोच गाळ इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपात जाऊन त्याचं फिरतं चाक (इम्पेलर) खातो. वर प्लास्टिक आणि जलपर्णी. पाणी खेचण्याच्या तोंडावरची जाळी रोज साफ झालीच पाहिजे.

जलमार्गाच्या जनसुनावणीला गेलात तर एवढंच विचारा: महिन्यातले किती तास या मार्गावर बोटीपुरतं पाणी असेल?