शेवटचं द्वंद्व सगळ्यांसमोरच हवं होतं
‘हॅरी पॉटर’च्या शेवटच्या चित्रपटात हॅरी आणि खलनायक व्होल्डेमॉर्टचं शेवटचं द्वंद्व ओसाड चौकात नेल्यामुळे ते जास्त भव्य झालं, हे एका लेखात वाचलेलं मत मला अजिबात पटलं नाही. पुस्तकात दोघं जादूच्या शाळेतल्या ग्रेट हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत एकमेकांभोवती फिरत बोलत राहतात. मंत्र सुटतो तो अगदी शेवटी. व्होल्डेमॉर्ट मरतोही साध्या माणसासारखा, देह जमिनीवर पडतो. २०११ च्या चित्रपटात त्याचे पापुद्रे होऊन हवेत उडतात आणि ते बघायला हॅरीशिवाय कोणी नाही!

त्यापेक्षा याच मालिकेतल्या २००७ च्या चित्रपटातलं जादू मंत्रालयातलं द्वंद्व कितीतरी सरस. आगीचा साप येतो, मग हॅरीचे मुख्याध्यापक डम्बलडोर व्होल्डेमॉर्टला पाण्याच्या गोळ्यात कोंडतात. चालीला चाल दिसते. (पुस्तकातल्यासारखे कारंज्यातले पुतळे जिवंत होत नाहीत, याची हळहळ आहेच.) नुसती लाल-हिरव्या झोतांची रेटारेटी असली की कोण कशामुळे जिंकलं तेच कळत नाही.