हातातल्या लेझरची मर्यादा सेलवरून नको, डोळ्यावरून ठरवा

पेनाएवढा लेझर दिसला की लोक म्हणतात, सेलवरच तर चालतो, असा कितीसा दम असणार त्यात? भरपूर असतो. 18650 हा बोटाएवढा लिथियम सेल 3.7 व्होल्टला 3 अँपिअर आरामात देतो, म्हणजे साधारण 11 वॅट. चांगला निळा डायोड, म्हणजे लेझरमधला प्रकाश देणारा भाग, त्यातला जवळपास 30 टक्के भाग प्रकाशात बदलतो. झाला की मुठीत मावणारा 3 वॅटचा लेझर! बाकीची उष्णता नळी तापवते, म्हणून तो फार वेळ चालू ठेवता येत नाही. पण डोळ्याचं वाटोळं व्हायला निमिषभर पुरतं.

आंतरराष्ट्रीय मानकात लेझरचे धोक्यानुसार वर्ग केलेत; त्यात दिसणाऱ्या प्रकाशासाठी वर्ग 2 ची मर्यादा 1 मिलिवॅट आहे. प्रखर उजेड पडला की पाव सेकंदात पापणी मिटते, आणि तेवढ्यात 1 मिलिवॅटने सहसा इजा होत नाही, हा त्यामागचा हिशेब. 3 वॅट म्हणजे त्याच्या 3000 पट. तिथे पापणी काय करणार? 500 मिलिवॅटच्या पुढे तर भिंतीवरचा ठिपका जवळून पाहणंही धोक्याचं. त्यात निळा रंग डोळ्याला तितक्याच शक्तीच्या हिरव्यापेक्षा खूप मंद दिसतो, त्यामुळे माणूस गाफील राहतो.

मला सर्वात जास्त चीड येते ती स्वस्त हिरव्या पॉइंटरची. त्यात 808 नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारा प्रकाश देणारा डायोड असतो, एक स्फटिक त्याचे 1064 करतो, दुसरा त्यातून 532 चा हिरवा काढतो. उरलेला अवरक्त अडवायला छोटा फिल्टर लागतो. पैसे वाचवायला तोच बसवत नाहीत! अमेरिकेच्या एनआयएसटी या मापनसंस्थेने 2010 मध्ये 10 मिलिवॅट लिहिलेला एक पॉइंटर मोजला, तर त्यातून सुमारे 20 मिलिवॅट अवरक्त बाहेर पडत होतं. ते दिसत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही. 2013 मध्ये त्यांनी 122 पॉइंटर तपासले. हिरव्यांपैकी सुमारे 90 टक्के आणि लालपैकी 44 टक्के सुरक्षेच्या नियमात बसले नाहीत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पडद्यावर बोट दाखवायला 1 मिलिवॅट पुरे, आणि 5 च्या वरचं काहीही कुणालाही सहज मिळू नये. हौशी मंडळी म्हणतात, आम्ही गॉगल घालतो. गॉगल तुमच्या डोळ्यांवर असतो हो, समोरून चाललेल्या पोराच्या नाही.