दुर्मिळ लाकडाने गिटार चांगली होत नाही

गिटारवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. इंदूरच्या आमच्या गटातही तो अधूनमधून येतोच. म्हणणं थोडक्यात असं: अकूस्टिक गिटारीचा आवाज पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडात असतो. त्यात ब्राझिलियन रोझवूड सर्वांत वर, आपलं दक्षिणेकडचं शिसव म्हणजे तडजोड, आणि शीशम म्हणजे पलंग-सोफ्याचं लाकूड. तेव्हा पैसे साठवा आणि दुर्मिळ लाकूडच घ्या. जुन्या फर्निचरमधलं मिळालं तर कायद्याची कटकटही नाही.

पहिली गिटार बनवून घ्यायला निघालेली पोरं हे वाचून माझ्याकडे येतात. गिटारीचा गळा किती रुंद हवा, बोटांनी वाजवणार की पिकने, यावर एक शब्द नाही. थेट प्रश्न, "काका, ब्राझिलियन मिळेल का?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

"आवाज पाठीच्या लाकडात असतो." सगळी गोम इथेच आहे. तार छेडली की ती ब्रिजला, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीला, हलवते, ब्रिज टॉपला, म्हणजे पेटीच्या समोरच्या फळीला, हलवतो, आणि टॉप व पेटीतली हवा मिळून आवाज बाहेर टाकतात. टॉप स्प्रूसचा नाहीतर सीडरचा, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीचा. तो किती पातळ केला, आतल्या पट्ट्या कुठे ठेवल्या, किती तासल्या, यावर गिटार बोलकी होणार की मुकी राहणार हे ठरतं. स्पेनचा गिटार कारागीर आंतोनिओ दे तोर्रेस याने 1862 मध्ये हेच दाखवायला एक गिटार केली: टॉप नेहमीसारखा स्प्रूसचा, पाठ आणि बाजू मात्र पुठ्ठ्याच्या. ती आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

तोर्रेसची गोष्ट जुनी वाटत असेल तर अलीकडचं घ्या. इंग्लंडमध्ये लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एका गिटार कारागिराकडून सहा गिटारी करून घेतल्या. माप तेच, टॉपचं लाकूड तेच, पाठ-बाजू तेवढ्या वेगळ्या: ब्राझिलियन रोझवूड, भारतीय शिसव, महोगनी, मेपल, सपेली आणि अक्रोड. 52 वादकांनी मंद उजेडात, डोळ्यांना वेल्डिंगचे चष्मे लावून त्या वाजवल्या आणि गुण दिले. 2018 मध्ये निष्कर्ष छापून आले. आवाजाच्या गुणांत सहाही जवळजवळ बरोबरीत होत्या, आणि नुसत्या कानाने एक गिटार दुसरीपासून ओळखणंही वादकांना जड गेलं. ब्राझिलियन आणि महोगनी यांच्या किमतींतलं अंतर मात्र डोळे मिटूनही जाणवेल असं आहे.

सगळी लाकडं सारखी असतात, असा याचा अर्थ नाही. शिसवाची तासलेली फळी वरच्या कोपऱ्याजवळ दोन बोटांत सैल धरा आणि मधोमध बोटाच्या पेराने टिचकी मारा. ती कासंडीसारखी झणझणते आणि नाद रेंगाळतो. महोगनीची फळी लवकर गप्प होते. हा गुण खरा आहे आणि तो मलाही मनापासून आवडतो. पण तीच फळी पट्ट्या लावून, कडेने चिकटवून, वादकाच्या पोटाला टेकली की त्या नादातलं फार थोडं शिल्लक उरतं. टिचकीवर किंमत ठरवणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं.

"जुन्या मार्टिन ऐका, मग कळेल." म्हणजे मार्टिन या अमेरिकी कंपनीच्या ब्राझिलियन पाठीच्या जुन्या गिटारी. जरूर ऐका. पण मार्टिन कंपनीने 1965 मध्ये डी-35 नावाची गिटार आणली तेव्हा तिची पाठ दोनऐवजी तीन तुकड्यांची केली, कारण पुरेशा रुंद ब्राझिलियन फळ्या मिळेनाशा झाल्या होत्या. 1969 मध्ये कंपनी भारतीय शिसवावर आली, तीही पुरवठा आटल्यामुळे. आवाज ऐकून कुणी लाकूड नापास केलं नव्हतं. शिवाय त्या जुन्या गिटारींचा टॉपही तितकाच जुना, हलका आणि वाजून वाजून मोकळा झालेला आहे. त्याचं श्रेय पाठीला कसं द्यायचं? आज ब्राझिलियन म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांतून काढलेलं असतं. दिसायला अप्रतिम, पण रेषा वेड्यावाकड्या, आणि असं लाकूड तडकतं. आपल्या माळव्यातला कोरडा मे आणि त्यामागून येणारा दमट जुलै लक्षात घ्या. अशी पाठ दरवर्षी त्या फेऱ्यातून काढणं ही जोखीम आहे, आणि ती मी गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधणार नाही.

"शीशम म्हणजे फर्निचरचं लाकूड." हे वाचून मला खरोखर राग येतो. शीशम आणि शिसव दोन्ही डाल्बर्जिया कुळातलीच, ब्राझिलियनची सख्खी भावंडं. शीशम किंचित हलकं, रंगाने सोनेरी-तपकिरी. शिसव जांभळट, काळ्या रेषांचं, रंधा मारताना गोडसर वास सुटणारं. तबल्याची खोडं पिढ्यान्‌पिढ्या शीशमची होत आली आहेत. सुरात राहण्याच्या बाबतीत तबल्याइतकी कडक परीक्षा कुणाची होते? अडचण वखारीत आहे. तिथे फळ्या फर्निचरच्या हिशोबाने कापलेल्या असतात, पुरत्या न वाळलेल्या, कडेला पांढरट कच्चं लाकूड राहिलेलं. गिटारीला वर्षवलयं फळीच्या रुंदीला काटकोनात उभी असावी लागतात, आणि लाकूड सावलीत, हवेशीर जागी दोन-तीन वर्षं तरी पडून राहायला हवं. टोकाकडून पाहून अशी फळी निवडा. बाजूंच्या पट्ट्या दोन मिलिमीटरवर आणून गरम नळीवर सावकाश वाकवा. रेषा उलटसुलट असतील तिथे घाई केली की पट्टी मोडते. एवढी मेहनत घेतलेल्या शीशमच्या गिटारी मी निःशंकपणे लोकांच्या हातात देतो.

"जुनं लाकूड असेल तर कायदा लागत नाही." साफ चूक, आणि महागात पडणारी. ब्राझिलियन रोझवूड 1992 पासून साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, पहिल्या आणि सर्वांत कडक परिशिष्टात आहे. ते त्याआधीचं असेल तर तसं सिद्ध करणारं प्रमाणपत्र लागतं. "आजोबांच्या कपाटाचं आहे" म्हणून भागत नाही. 2017 च्या जानेवारीपासून शिसव आणि शीशम धरून बाकीचं सगळं डाल्बर्जिया कुळ दुसऱ्या, जरा सौम्य परिशिष्टात आलं. 2019 च्या नोव्हेंबरपासून दुसऱ्या परिशिष्टातल्या या लाकडांच्या तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझिलियनला ती नाही. हे झाड फक्त ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या जंगलात उगवतं, आणि त्या जंगलाचे आता तुकडेच उरले आहेत. आपलं शिसवही निर्धास्तपणे तोडत सुटावं असं राहिलेलं नाही, म्हणून मी ते घेताना वनखात्याच्या लिलावाची पावती मागतो आणि ती गिटारीच्या कागदांबरोबर गिऱ्हाइकाला देतो. ज्यांची मुलं बाहेरदेशी आहेत त्यांनी ती पावती आणि पाठ-बाजूंच्या लाकडाचं शास्त्रीय नाव लिहिलेलं बिल नीट जपून ठेवावं. विमानतळावर कुणी विचारलंच तर दाखवायला तेवढं हाताशी असतं.