वर माती टाकली म्हणजे झालं?
खाणीतल्या टाकाऊ दगडांच्या ढिगावर, म्हणजे डंपवर, माती पसरून झाडं लावली की प्रश्न मिटला असं लेखात म्हटलंय, ते काही पटलं नाही. मी डंपवर काम केलंय, डंपर कडेवरून रिकामा केला की मोठे धोंडे गडगडत पायथ्याशी जातात, बारीक चुरा वरच अडकतो आणि मग खालच्या फटींतून हवा थेट ढिगाच्या पोटात शिरते. दगडात पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज) असेल तर हवा-पाणी लागून ॲसिड होणारच, वर बगीचा करा नाहीतर जंगल. आमच्याकडे पायथ्याच्या चरात नारिंगी गाळ (ॲसिडच्या पाण्याची खूण) दिसायला लागला तेव्हा वरची झाडं मस्त हिरवीगार होती बरं का!

पायराइटवाला माल आधीच वेगळा काढून पातळ थरांत दाबून टाकायचा असतो, त्यावर लेखात एक ओळ नाही. आणि माल ओतल्यावर आपोआप होणारा 37 अंशांच्या आसपासचा उतार तसाच सोडलात तर ती माती तरी टिकणार का?