‘परिषदेत ठरलं, डॉलर संपला’: बडोद्यात फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतोय. ज्येष्ठ नागरिकांच्या गटात तो येतो, गणेशोत्सवाच्या गटात येतो, वधूवरांच्या गटातही येऊन पडतो. त्याचा सारांश असा: आशियाई आर्थिक परिषदेत जगातले बडे बँकर आणि उद्योगपती जमले आणि डॉलर संपल्याचं त्यांनी जाहीर केलं. ही माणसं परिषदेत जे बोलतात ते पुढे खरं होतंच. तेल फक्त डॉलरमध्ये विकण्याचा सौदीचा पन्नास वर्षांचा ‘पेट्रोडॉलर’ करार संपलाय, ब्रिक्सची (म्हणजे भारत, रशिया, चीन, ब्राझील, दक्षिण आफ्रिका वगैरे देशांच्या गटाची) नोट छापून तयार आहे. तेव्हा शहाण्या माणसाने बँकेतल्या एफडी मोडाव्यात आणि सगळं सोन्यात घालावं, कारण बँका बुडाल्या की ठेवीही बुडणार. शेवटी लिहिलंय, ‘घरातल्या ज्येष्ठांना आवर्जून पाठवा.’

त्या शेवटच्या ओळीमुळे मी लिहायला बसले. माझी नोकरी बँकेच्या काउंटरवर गेली. रिफायनरीतून, विद्यापीठातून, रेल्वेतून निवृत्त झालेली माणसं व्याजावर महिना कसा भागवतात, हे मी जवळून पाहिलंय. मुलं अमेरिकेत किंवा कॅनडात, घरात दोघंच, आणि हातात हा संदेश. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘परिषदेत जाहीर झालं’

कुठल्या परिषदेत? संदेशात शहर नाही, तारीख नाही, बोलणाऱ्याचं नाव नाही. आशियात अशा परिषदा बऱ्याच आहेत. चीनच्या हैनान बेटावर बोआओ फोरम भरतो, त्याची स्थापना २००१ ची. हाँगकाँगला २००७ पासून एशियन फायनान्शियल फोरम होतो. आशियाई विकास बँकेची वार्षिक सभा वेगवेगळ्या देशांत फिरते, २००६ साली ती हैदराबादला झाली होती.

पहिल्या दोन ठिकाणी निर्णय होतच नाहीत. मंत्री, बँकांचे प्रमुख, उद्योगपती येतात, व्यासपीठावर बोलतात, बाजूच्या खोल्यांमध्ये एकमेकांना भेटतात आणि परततात. विकास बँकेच्या सभेत सदस्य देशांना मत असतं, पण ते त्या बँकेच्या कारभारापुरतं. कुठल्या देशाने आपली परकीय गंगाजळी, म्हणजे परकीय चलनाचा साठा, कशात ठेवायची, हे त्या देशाची मध्यवर्ती बँक ठरवते. आपल्याकडे ते काम रिझर्व्ह बँकेचं आहे आणि ते मुंबईत होतं.

शिवाय बोलणारा कोण, हेही पाहायला हवं. सोन्याच्या खाणीत पैसे गुंतवलेला माणूस सोन्याचीच बाजू मांडणार. ज्याचा फंड चिनी शेअर घेऊन बसलाय तो चिनी चलनाचं, युआनचं, भवितव्य उज्ज्वल आहे असंच सांगणार. यात खोटेपणा असेलच असं नाही, पण ते त्याच्या धंद्याचं बोलणं आहे. तुमच्या पेन्शनचा विचार त्यात नसतो.

‘ही माणसं बोलतात ते खरं होतंच’

सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच आहे, कारण बाकीचा संदेश त्याच्याच जोरावर उभा आहे.

सप्टेंबर १९९७ मध्ये हाँगकाँगला आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकेची वार्षिक सभा भरली होती. जुलैच्या सुरुवातीला थायलंडचं चलन, बाट, कोसळलं होतं आणि आशियाभर घबराट होती. मलेशियाचे पंतप्रधान महाथीर मोहम्मद तिथे बोलले की चलनाचा सट्टा अनावश्यक आणि अनैतिक आहे, तो बंदच व्हायला हवा. दुसऱ्या दिवशी चलनाच्या सट्ट्यासाठी गाजलेले अमेरिकी गुंतवणूकदार जॉर्ज सोरोस त्याच शहरात बोलले आणि महाथीर हेच त्यांच्या देशाला धोका आहेत, असं त्यांनी सुनावलं. दोघंही जगभर गाजलेली माणसं, दोघांचंही बोलणं छातीठोक. सट्टा बंद झाला नाही. आणि ज्यांना देशाला धोका म्हटलं त्या महाथीरांनी वर्षभराने, सप्टेंबर १९९८ मध्ये, भांडवल देशाबाहेर नेण्यावर निर्बंध घातले, आपलं चलन रिंगिट डॉलरला ३.८० या दराने बांधून टाकलं आणि ते २००५ पर्यंत तसंच ठेवलं. तो निर्णय क्वालालंपूरच्या सरकारचा होता, कुठल्या व्यासपीठाचा नव्हता.

त्याच सभेत नाणेनिधीच्या समितीने देशादेशांत भांडवलाची ये-जा मोकळी करण्यासाठी निधीची घटनाच बदलायची दिशा दिली होती. तिथे नुसते वक्ते नव्हते, अर्थमंत्री होते. तरी काही महिन्यांत वारं फिरलं. दक्षिण कोरियासारख्या भक्कम समजल्या जाणाऱ्या देशाला नोव्हेंबरमध्ये नाणेनिधीच्या दारात जावं लागलं, आणि ती घटनादुरुस्ती आजतागायत झालेली नाही. आपल्याकडेही मे १९९७ मध्ये तारापोर समितीने रुपया भांडवली खात्यावर, म्हणजे गुंतवणुकीसाठी पैसा देशाबाहेर नेता-आणता येईल असा, तीन वर्षांत परिवर्तनीय करण्याचा आराखडा दिला होता. तोही बाजूला ठेवला गेला, आणि बरं झालं.

अलीकडचा दाखला हवा तर अलीबाबा या चिनी कंपनीचे संस्थापक जॅक मा यांचा घ्या. २४ ऑक्टोबर २०२० रोजी शांघायच्या वित्तीय परिषदेत ते म्हणाले की चिनी बँका अजून गहाणवटीच्या दुकानासारखं काम करतात. तेव्हा त्यांच्या अँट ग्रुप या वित्त कंपनीचा शेअर बाजारात येणार होता, जगातली सगळ्यात मोठी विक्री म्हणून त्याचा गाजावाजा होता. ३ नोव्हेंबरला ती विक्री थांबवली गेली. आशियातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एकाच्या भाषणानंतर दहा दिवसांत हे घडलं.

आपल्या बडोद्यातच बघा ना. व्हायब्रंट गुजरातच्या परिषदा २००३ पासून होतात, त्यात जाहीर झालेले आकडे आपण ऐकत आलोय. पण टाटा-एअरबसचा विमान कारखाना इथे आला तो कशामुळे? सप्टेंबर २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ५६ सी-२९५ विमानांच्या खरेदीचा करार केला आणि त्यातली ४० भारतात बनवायची असं त्यात लिहून घेतलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालं ते या कराराच्या बळावर. भाषण आणि सही यातलं अंतर बडोदेकराला वेगळं सांगायला नको.

‘पेट्रोडॉलर करार संपला’

ही अफवा जून २०२४ पासून जगभर फिरतेय. ८ जून १९७४ रोजी अमेरिका आणि सौदी अरेबियाने आर्थिक सहकार्यासाठी संयुक्त आयोग नेमण्याचा करार केला, एवढं खरं. ‘तेल फक्त डॉलरमध्येच विकू आणि तेही पन्नास वर्षं’ असं त्यात नव्हतं, त्यामुळे ते संपण्याचाही प्रश्न नाही. सौदीचा रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ या दराने बांधलेला आहे, तो आजही तसाच आहे.

‘ब्रिक्सची नोट तयार आहे’

संदेशासोबत फोटो येतो तो खरा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये रशियातल्या कझानला ब्रिक्स परिषद झाली तेव्हा पुतिन यांच्या हातात ही नोट दिसली. तिच्यावर आपल्यासह सदस्य देशांचे झेंडे होते. पण ती भेटवस्तू होती. तिने कुठेही भाजीसुद्धा घेता येत नाही. कझानच्या जाहीरनाम्यात व्यापारासाठी आपापली चलनं वापरायला उत्तेजन आहे, समान चलनाचा निर्णय नाही. ब्रिक्स देशांची शांघायची बँक, जिचे पहिले अध्यक्ष आपले के. व्ही. कामत होते, ती आजही डॉलरमध्ये कर्ज उभारते आणि देते. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी डिसेंबर २०२४ मध्ये कतारमधल्या दोह्याच्या परिषदेत सांगितलं की भारत डॉलर हटवण्याच्या बाजूने कधीच नव्हता आणि ब्रिक्स चलनाचा प्रस्ताव तेव्हा तरी नव्हता. दोहाही आशियातच आहे आणि तीही परिषदच होती, पण ते वाक्य या संदेशात कुणी घातलं नाही.

‘डॉलर संपला’

डॉलरची पकड सैल होतेय, हे मी नाकारत नाही. जगभरच्या मध्यवर्ती बँकांच्या गंगाजळीत १९९९ साली त्याचा वाटा सुमारे ७१ टक्के होता, २०२४ अखेर तो ५८ टक्क्यांच्या आसपास आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर पाश्चात्त्य देशांनी रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली आणि अनेक देश सावध झाले. २०२२ पासून सलग तीन वर्षं मध्यवर्ती बँकांनी दर वर्षी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. आपल्या रिझर्व्ह बँकेकडेही मार्च २०२५ अखेर सुमारे ८८० टन होतं.

पण पंचवीस वर्षांत तेरा टक्के म्हणजे उतार, अंत्ययात्रा नव्हे. २०२२ च्या पाहणीत जगातल्या दर शंभर चलनव्यवहारांपैकी ८८ व्यवहारांत एका बाजूला डॉलर होता. युआन सातांत होता. अमेरिकेत शिकणाऱ्या मुलाची फी भरायला आपण आजही रुपये देऊन डॉलरच घेतो.

‘एफडी मोडा, सोनं घ्या’

दांडिया बाजारातल्या एक काकू हा संदेश वाचून माझ्याकडे आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत एफडीची पावती नीट गुंडाळलेली, नॉमिनी म्हणून परदेशातल्या मुलाचं नाव, आणि सोन्याचा त्या दिवसाचा भाव पेन्सिलीने एका चिठ्ठीवर. आम्ही दोघींनी बसून हिशेब मांडला. मुदतीआधी ठेव मोडली की ठरलेला दर मिळत नाही. जितके दिवस पैसे राहिले तितक्या मुदतीचा दर लागतो, त्यातूनही बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कापतात. दागिना घ्यायचा तर ३ टक्के जीएसटी आणि घडणावळ. परत विकायला गेलं की घडणावळ कुणी मोजत नाही. म्हणजे सोन्याचा भाव जागचा हलला नाही तरी काकूंच्या पैशाला खिंडार. आणि दर तीन महिन्यांनी खात्यात येणारं व्याज, ज्यातून औषधं येतात, ते बंद.

‘पण सोनं वाढलंच की!’ असं लगेच कुणी म्हणेल. वाढलं, जोरात वाढलं. ज्यांनी थोडं घेऊन ठेवलं त्यांचं भलं झालं, मला त्याचा आनंदच आहे. पण जानेवारी १९८० मध्ये सोनं औंसाला ८५० डॉलरवर गेलं होतं आणि १९९९ मध्ये २५० च्या आसपास आलं. २०११ मध्ये १९०० डॉलर, २०१५ अखेर १०५० च्या जवळ. आपल्याला घसरणीची झळ कमी लागली, कारण त्या काळात डॉलरपुढे रुपया पडत गेला.

आणि सोनं संकटात उपयोगी पडतं ते कसं? १९९१ मध्ये आपण सुमारे ४७ टन सोनं गहाण टाकून ४० कोटी डॉलरच्या आसपास उभे केले. १९९८ मध्ये कोरियातल्या बायकांनी लग्नाच्या अंगठ्या देशाला दिल्या, २०० टनांहून अधिक सोनं जमलं आणि ते विकून डॉलर मिळवले. दोन्ही वेळा सोनं देऊन हवा होता तो डॉलरच.

‘बँका बुडतील, ठेवी जातील’

ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १९०८ साली बँक ऑफ बडोदा काढली, तिथे बँक बुडणं ही कल्पनेतली गोष्ट नाही. १९१३ ते १९१७ या काळात देशात ८७ बँका बुडाल्या, बडोद्याची टिकली. तेव्हा ठेवीदाराला कसलंच कवच नव्हतं. ठेव विमा आला तो १९६२ साली, केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर.

ठेवीदारांच्या पैशातून बँक सावरण्याची तरतूद ज्या विधेयकात होती ते २०१७ साली संसदेत आलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये मागे घेतलं गेलं. संदेश अजून त्याच विधेयकाची भीती घालतोय. आज एका बँकेत एका ठेवीदाराच्या मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. फेब्रुवारी २०२० पर्यंत ही मर्यादा १ लाख होती. बँकेवर निर्बंध आले तर ९० दिवसांत ही रक्कम द्यावी, असा कायदा २०२१ मध्ये झाला. नागरी सहकारी बँकाही यात येतात.

एकाच बँकेच्या मांडवी आणि रावपुरा शाखांत पैसे वेगवेगळे ठेवले तरी ते एकत्रच मोजले जातात. पाच लाखांपेक्षा जास्त असतील आणि बँक लहान असेल, तर ठेवीची मुदत संपेपर्यंत थांबून त्यातले काही दुसऱ्या बँकेत हलवावेत. आणि पैसे शराफी मंडळीत किंवा पतपेढीत असतील, तर तिथे हा विमा लागूच नाही. तपासायचंच असेल तर आधी ते तपासा.