आत माया उरलेली नाही

लक्ष्मी रोडच्या मागच्या एका बोळात आमचा शिंपी बसतो. गेली बावीस वर्षं माझे ब्लाउज तोच शिवतो आणि गेली बावीस वर्षं तोच उसवतो. भाच्याचं लग्न ठरलं, दिवाळीनंतरचा मुहूर्त निघाला, मी कपाटातून पैठणी काढली आणि तिचा ब्लाउज दंडावरच अडला. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो घेऊन गेले. शिंप्यानं ब्लाउज उलटा केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बगलेखालची शिवण उजेडात धरली. जुन्या टिपांच्या भोकांच्या तीन रेघा एकाशेजारी एक स्पष्ट दिसत होत्या. एक लग्नातली, एक लेकाच्या बारशानंतरची, एक लॉकडाऊनची.

"ताई, दर वेळी अर्धा-अर्धा इंच सोडत आलो," तो म्हणाला, "आता आत माया उरलेली नाही."

शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात, हे मला ठाऊक आहे. तरीपण दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी असताना हे वाक्य ऐकलं की मनाला लागतंच.

त्याच संध्याकाळी नणंदेला फोन केला. ती बाणेरला राहते आणि तिनं किटो नावाचं डाएट करून आठ किलो उतरवले होते. "वहिनी, सोप्पं आहे," ती म्हणाली. "दिवसाला वीस ग्रॅम कार्बच्या, म्हणजे पिष्ट-साखरेच्या, आत राहायचं. बाकी तूप खा, लोणी खा, पनीर खा, अंडी खा." तूप-लोणी खाऊन बारीक व्हायचं, हे ऐकून मला कृष्णाच्या बांध्याचं कोडं सुटल्यासारखं वाटलं. मग हिशोब मांडला. एका मध्यम पोळीत पंधरा ते वीस ग्रॅम कार्ब. म्हणजे सकाळी एक पोळी खायची आणि उरलेला दिवस श्वास घ्यायचा.

सासूबाईंना पटवणं आलं. मी थोडं वाचून ठेवलं होतं. म्हटलं, "आई, हे काही फॅड नाही. १९२१ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉ. वाइल्डर यांनी हा आहार फेफऱ्याच्या पेशंटसाठी सुचवला होता."

"तुला फेफरं येतं?"

"नाही."

"मग?"

"पण तुमच्या लेकीनं केलंच की!"

"तिची इच्छाशक्ती पहिल्यापासून दांडगी आहे," असं म्हणून त्यांनी जपमाळ उचलली.

मला आधार दिला तो विल्यम बँटिंग नावाच्या लंडनच्या गृहस्थानं. धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. देह इतका सुटला होता की त्याला बुटाची नाडी बांधता येत नसे आणि जिना उलटा, पाठमोरा उतरावा लागे. पाव, साखर, बिअर, बटाटे सोडून तो बारीक झाला आणि १८६३ साली त्यानं त्यावर एक पुस्तिकाच काढली. ती इतकी गाजली की स्वीडिश भाषेत आजही डाएट करण्याला 'बांटा' म्हणतात. हे सगळं वाचून मला स्फुरण चढलं. फक्त त्याला तोंडी लावायला रोज वाइन होती, मला काकडी होती.

पहिला अडथळा पोळ्यांच्या मावशींचा. सोमवारी सकाळी सांगितलं, "मावशी, आजपासून पंधराच्या बारा करा."

"कोण गावाला गेलंय?"

"कोणी नाही. मी पोळी सोडली."

त्यांनी लाटणं थांबवलं. माझ्या गळ्याकडे पाहिलं, मंगळसूत्र जागेवर होतं. आवाज खाली आणून विचारलं, "साहेबांशी काही झालं का?" नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्न, "तीन पोळ्यांचे पैसे कापणार?"

"नाही हो."

"मग सोडा खुशाल."

पुढच्या आठवड्यात मी बदामाचं पीठ आणलं. किंमत सांगत नाही, नवरा हे वाचेल. मावशींनी ते मळलं, लाटलं, आणि पोळी तव्यापर्यंत पोचेतो तिचे चार तालुके झाले. "ताई, हे पीठ धरत नाही." मी समजावलं की गव्हात ग्लुटेन असतं, त्यानं कणीक ताणली जाते, बदामात ते नसतं. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग गव्हाचंच घ्या की. त्यात आहे म्हणता ना?" यावर मेयो क्लिनिककडेही उत्तर नसेल.

अंडी गॅलरीत. आमच्या स्वयंपाकघरात अंडं चालत नाही; त्याचा तवा वेगळा, उलथणं वेगळं, आणि इंडक्शनची शेगडी कुंड्यांशेजारी. पावसाळ्याचे दिवस. मी एका हातात छत्री धरून दुसऱ्या हातानं ऑम्लेट उलटतेय आणि समोरच्या इमारतीतले आजोबा तुळशीला पाणी घालायचं सोडून माझ्याकडे पाहताहेत, हा रोजचा सकाळचा देखावा झाला.

तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं, पायात गोळे आले. नणंद म्हणाली, हे किटोचं आजारपण, सगळ्यांनाच होतं, मिठाचं पाणी पी. सासूबाई म्हणाल्या, पित्त. नवरा काही म्हणाला नाही. तो ताटलीतल्या आमरसात पोळी बुडवत होता, हंगामातली शेवटची पेटी होती.

आठवड्यानं काट्यावर उभी राहिले तर चौऱ्याहत्तर किलो सहाशेचे बहात्तर शंभर! अडीच किलो! मी घरभर नाचले. लेक बारावीला आहे, त्यानं जीवशास्त्राच्या पुस्तकातून मान वर केली. "आई, ते बहुतेक पाणी आहे. शरीर साखर साठवतं ना, ग्लायकोजेन, त्याच्या एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बसलेलं असतं. साठा संपला की पाणीही जातं." मुलांना शिकवू नये असं कधी कधी वाटतं.

पाणी तर पाणी, गेलं ना? मी जिद्दीनं पुढे चालू ठेवलं. फ्लॉवर किसून त्याचा 'भात' केला. तो दिसायला हुबेहूब आंबेमोहर आणि वासाला हुबेहूब फ्लॉवर. लेक म्हणाला, "भात गेलाय हे मान्य कर ना आई, त्याचं भूत कशाला बोलावतेस?"

मी एका बँकेत काउंटरला असते. कार्ब बंद झाले की शरीर चरबी जाळतं, त्यातून किटोन तयार होतात, आणि त्यातलं ॲसिटोन श्वासातून बाहेर पडतं. नेलपेंट काढायच्या बाटलीत जे असतं तेच. हे मला कळलं ते एका पेन्शनर काकांमुळे. त्यांनी काचेच्या खिडकीतून नाक आत घातलं, दोनदा हुंगलं आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "कामाच्या वेळात नखं रंगवण्याची सोय आता बँकेनं केलेली दिसते." मी दोन्ही हात वर करून कोरी नखं दाखवली. त्यांनी तरीही तक्रारवही मागितली.

पण काका परवडले. खरा घात केला तो 'अर्ध्या'नं. पुण्यात तुम्ही नको म्हणालात की समोरचा माणूस आग्रह सोडत नाही, तो फक्त निम्म्यावर येतो. दहावीचे निकाल लागलेले. "मॅडम, पेढा. चौऱ्याण्णव टक्के!" डाएट आहे. "अहो, अर्धा! शकुनाचा." पाच-सहा ग्रॅम. दुपारी अमृततुल्यवाल्याचा पोऱ्या किटली घेऊन. बिनसाखरेचा नसतो का रे? "मग अर्धाच घ्या ना." चार-पाच ग्रॅम. घरी येताना जिन्यात शेजारच्या वहिनी, हातात वाटी, वाटीत खांडवी. "चव बघा फक्त, अर्धी वडी." रात्री झोपताना मी बोटांवर मोजत असे: सगळं मिळून वीस कधीच पार, आणि पूर्ण असं काहीच खाल्लेलं नाही. एक अख्खा पेढा तरी खाल्ला असता तर बदनामीचं सार्थक झालं असतं.

मग आषाढी एकादशी आली. मला वाटलं, हा दिवस आपला. सगळं घर उपाशी, मीही उपाशी, कोणी काही बोलणार नाही. अज्ञान, दुसरं काय! सकाळी आठ वाजता फोडणीत जिरं तडतडलं आणि लक्षात आलं की आपल्या पूर्वजांनी उपास योजताना किटोचा आराखडा समोर ठेवून तो बरोब्बर उलटा केलाय. साबुदाणा, वरई, बटाटा, रताळं, राजगिरा. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात पंच्याऐंशी ग्रॅमच्या वर पिष्ट. माझ्या वीस ग्रॅमच्या मापानं एक बशी खिचडी म्हणजे मंगळवारपर्यंतचा कोटा. उपासाला जे चालत होतं ते मला चालत नव्हतं, आणि मला जे चालत होतं ते, गॅलरीत का होईना, विठोबाला चालत नव्हतं. दोन्हींच्या मधे उरली काकडी, थोडं दाण्याचं कूट, ओलं खोबरं आणि तूप. तेवढ्यावर दिवस काढला. बाकीच्यांनी दुपारी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी चापून डुलकी काढली. संध्याकाळी सासूबाई गहिवरून म्हणाल्या, "या घरात आज खरा उपास एकटीनं केला." लेकीच्या इच्छाशक्तीचा उल्लेख त्या दिवसापासून बंद झाला, हा डाएटचा एकमेव टिकाऊ फायदा.

एकोणचाळीसाव्या दिवशी, रात्री साडेअकराच्या सुमारास मला जाग आली. बाहेर धो धो पाऊस. पाणी प्यायला म्हणून उठले. स्वयंपाकघरात दिवा नव्हता, पण फ्रिजचं दार अर्धवट उघडं होतं आणि त्याच्या उजेडात ओट्याशी सासूबाई उभ्या होत्या. पोळ्यांचा डबा उघडा. हातात पोळी, तिच्यावर तूप, तुपावर गूळ, आणि त्या तिची सुरळी करत होत्या. अगदी सावकाश, कडा आत घेत, गूळ कुठून सांडणार नाही अशी. सासूबाईंना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. डॉक्टरांनी गुळाचं नाव काढायचं नाही असं बजावलंय.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. फ्रिज टुंट टुंट करायला लागला, तसा त्यांनी कोपरानं दार लोटलं. अंधारात त्यांचा आवाज आला.

"अर्धी घे."

मी घेतली. सकाळची पोळी, जरा वातड झालेली, पण तुपानं मऊ पडलेली. गुळाचा खडा नीट पसरलेला नव्हता. तो दाढेखाली आला आणि विरघळला. आम्ही दोघी ओट्याला टेकून, एक शब्द न बोलता खात होतो. मग त्यांनी डबा चाचपला. "अजून एक आहे. तीही अर्धी-अर्धी करू, म्हणजे फार होणार नाही."

सकाळी मावशी आल्या, मी म्हटलं, पंधरा करा. "साहेबांशी मिटलं का?" त्यांनी विचारलं. हो म्हटलं, उगाच लांबण नको.

एकूण चार किलो गेले होते. त्यातला दीड आठवड्याभरात परत आला. "पाणी," लेक म्हणाला, आणि या वेळी मला तो हुशार वाटला. पैठणीचा ब्लाउज अंगात जातो, फक्त तो घातल्यावर जेवता येत नाही आणि लग्नात ते बरं दिसणार नाही. तेव्हा नवं कापड घेऊन पुन्हा बोळात गेले. सासूबाईही आल्या होत्या, त्यांना स्टूल मिळालं. शिंप्यानं मापं घेतली, वहीत लिहिली.

"आताच्या मापानं शिवू ना, ताई?"

"आताच्याच. पण आत दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया ठेवा."

"तीन सांग गं," स्टुलावरून आवाज आला.