मनाने कच्चे, भत्त्याला पक्के? एका फॉरवर्डची उलटतपासणी

गेल्या काही आठवड्यांत एकच मजकूर मला तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर आला. शब्द थोडे इकडेतिकडे, मुद्दे तेच. पाश्चात्त्य देशांत बाहेरून आलेल्यांमध्ये मनोरुग्ण स्थानिकांच्या तिप्पट असतात. मुळात मनाने कच्ची माणसंच देश सोडतात. पुढची पिढी तर आणखी बिघडलेली निघते, म्हणजे दोष रक्तातच. आणि हीच मंडळी ‘डिप्रेशन’चं सर्टिफिकेट काढून अपंगत्वाच्या भत्त्यावर बसून खातात. खाली ‘अभ्यास सांगतात’ आणि हात जोडलेली इमोजी.

निव्वळ थाप असती तर मी सोडून दिली असती. पण यातल्या दोन दाव्यांमागे खरे आकडे आहेत आणि त्यांच्याच जोरावर बाकीचं खपतंय.

‘तिप्पट मनोरुग्ण’

हा आकडा बहुधा २००५ साली एलिझाबेथ कँटर-ग्रे आणि जाँ-पॉल सेल्टन यांनी केलेल्या एकत्रित विश्लेषणातून उचललेला आहे. पहिल्या पिढीच्या स्थलांतरितांत धोका २.७ पट, दुसऱ्या पिढीत ४.५ पट. आकडा पक्का आहे, पण तो स्किझोफ्रेनिया या भास-भ्रमांच्या आजाराचा आहे. मेसेजवाल्याने त्या जागी ‘मनोरुग्ण’ हा शब्द बसवला आणि एका विरळ आजाराचा आकडा सगळ्या मनोविकारांवर पसरवला.

विरळ किती? जगभरच्या अभ्यासांचा मध्य पाहिला तर वर्षाला लाखात साधारण १५ जणांना स्किझोफ्रेनिया नव्याने होतो. त्याच्या २.७ पट म्हणजे लाखात ४० च्या आसपास. डॉक्टरांसाठी, त्या घरांसाठी हा फरक फार मोठा आहे आणि तो कुणी नाकारू नये. पण लाखातले उरलेले ९९,९६० कुठे गेले?

नैराश्य, चिंता, व्यसनं हे नेहमीचे आजार घेतले तर चित्र कित्येक ठिकाणी उलटं होतं. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो भागात मेक्सिकन वंशाच्या सुमारे ३,००० प्रौढांची पाहणी झाली होती, १९९८ साली ती प्रसिद्ध झाली. आयुष्यात कधी ना कधी मनोविकार झालेल्यांचं प्रमाण मेक्सिकोतून आलेल्यांत २४.९ टक्के आणि त्याच वंशाच्या, पण अमेरिकेतच जन्मलेल्यांत ४८.१ टक्के होतं. जवळपास दुप्पट, आणि तेही जन्माने अमेरिकन असलेल्यांत. पुढे इतर लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, गटांत असंच दिसतं का हे तपासलं गेलं. काहींत दिसलं, पोर्तो रिकोच्या लोकांत फारसं दिसलं नाही. (ते जन्मानेच अमेरिकन नागरिक, त्यांना स्थलांतरित म्हणावं का हाच आधी प्रश्न.)

निर्वासितांची गोष्ट मात्र खरोखर वेगळी आहे. स्वीडनमध्ये १३ लाख लोकांच्या नोंदींवर आधारलेला २०१६ चा अभ्यास सांगतो की निर्वासितांना सायकोसिस, म्हणजे स्किझोफ्रेनियासारखे वास्तवाचं भान सुटणारे आजार, होण्याचा धोका स्थानिकांच्या जवळपास तिप्पट होता. पण त्याच प्रदेशांतून इतर कारणांनी आलेल्यांपेक्षाही तो ६६ टक्के जास्त होता. प्रदेश तोच, एक गट युद्धातून जीव वाचवून आला, दुसरा नोकरी किंवा लग्नाच्या निमित्ताने. या दोघांना ‘बाहेरचे’ म्हणून एका पोत्यात भरलं की कोणतीही सरासरी काढता येते. बरं, निर्वासितांतही पाश्चात्त्य देशांत तपासलेल्या सुमारे ७,००० प्रौढांत आघातानंतरचा ताणविकार, म्हणजे पीटीएसडी, ९ टक्क्यांना होता. सर्वसाधारण लोकसंख्येच्या मानाने हे कितीतरी जास्त. तरी शंभरातल्या ९१ जणांना तो नव्हता.

‘कमकुवत माणसंच देश सोडतात’

ही कल्पना जुनी आहे. १९३२ साली नॉर्वेच्या ओर्नुल्व ओडेगोर या मनोविकारतज्ज्ञाने अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या रुग्णालयांतल्या नोंदी तपासल्या. तिथे जाऊन राहिलेल्या नॉर्वेजियन लोकांत स्किझोफ्रेनियासाठी दाखल होण्याचं प्रमाण नॉर्वेत राहिलेल्यांपेक्षा बरंच जास्त होतं. त्याचा अंदाज असा, की ज्यांच्यात आजाराचं बीज आधीच आहे, ज्यांचं कुठे जमत नाही, तेच बोटीत बसतात.

सत्तर वर्षांनी सेल्टन आणि सहकाऱ्यांनी या अंदाजाची फार सुंदर परीक्षा घेतली. दक्षिण अमेरिकेतली सुरीनाम ही डच वसाहत १९७५ मध्ये स्वतंत्र झाली त्या सुमारास तिथली जवळपास एक तृतीयांश माणसं नेदरलँड्सला गेली. संशोधकांनी म्हटलं, समजा एक तृतीयांश नव्हे, अख्खा देशच उठून आला असता. मग ‘कमकुवत तेवढेच आले’ हा प्रश्नच उरत नाही. तेव्हा भागाकारात त्यांनी सगळ्या सुरीनामी लोकसंख्येचा आकडा धरला आणि मागे राहिलेल्यांत एकही रुग्ण नाही असं मानलं. ओडेगोरच्या बाजूने याहून जास्त झुकतं माप देणं शक्य नाही. तरीही धोका डच लोकांपेक्षा जास्तच निघाला.

व्यवहारातही हे पटण्यासारखं नाही. देश सोडायला पैसा, कागदपत्रं, चिकाटी लागते. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया तर व्हिसाआधी वैद्यकीय तपासणी घेतात आणि उपचारांचा खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे जाईल असं दिसलं तर अर्ज नाकारण्याची तरतूद ठेवतात. म्हणजे चाळणी लागते ती धडधाकटांच्या बाजूने. आलेली माणसं बऱ्याचदा स्थानिकांपेक्षा निरोगी असतात आणि वर्षं जातात तशी ती आघाडी झिजत जाते. फ्रेस्नोतही १३ वर्षांपेक्षा जास्त काळ राहिलेल्यांत मनोविकारांचं प्रमाण नव्याने आलेल्यांपेक्षा अधिक होतं.

‘दुसरी पिढी बघा, रक्तच तसं’

इथे मेसेजवाला स्वतःच्याच पायात पाय घालून पडतो. कमकुवत माणसं स्थलांतर करतात म्हणून आजार जास्त, असं म्हणायचं असेल तर ज्या मुलांनी कधी स्थलांतर केलंच नाही त्यांच्यात तो कमी व्हायला हवा. इथे तर वाढतो.

आणि रक्ताचंच असेल तर मूळ देशातही दिसायला हवं. लंडन, नॉटिंगहॅम आणि ब्रिस्टलमधल्या मोठ्या अभ्यासात आफ्रिकन-कॅरिबियन लोकांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण गोऱ्या ब्रिटिशांच्या सुमारे ९ पट आलं. जमैकात मोजलं तेव्हा असं काही आढळलं नाही, तिथलं प्रमाण इतर देशांसारखंच. शिवाय दक्षिण लंडनमधल्या २००१ च्या अभ्यासात ज्या वस्त्यांत गौरेतर लोक कमी होते तिथे त्यांच्यात आजार जास्त होता. जिथे आपल्यासारखी माणसं जास्त तिथे कमी. नेदरलँड्समधल्या हेग शहरातही तसंच दिसलं. रक्त वस्ती बघून बदलत नाही.

‘सर्टिफिकेट काढून बसून खातात’

आता मुख्य आरोप. यात तीन वेगळ्या गोष्टी एकात घुसळल्या आहेत: आजार असणं, काम करता न येणं आणि भत्ता मिळणं. तिन्हींचे आकडे वेगळे आणि ते मोजणारी खिडकीही वेगळी.

आधी जे खरं आहे ते मान्य करू. काही देशांत काही स्थलांतरित गटांचं अपंगत्व-भत्त्यावरचं प्रमाण स्थानिकांपेक्षा जास्त राहिलं आहे. नेदरलँड्समधले तुर्की आणि मोरोक्कन कामगार हे त्याचं नेहमीचं उदाहरण. पण ते तिथे कसे पोचले? साठच्या दशकात त्यांना करार करून बोलावलं ते कापड गिरण्या, पोलाद, गोदी अशा अंगमेहनतीच्या कामांसाठी. पुढच्या दोन दशकांत ते उद्योग बसले. कामगार कमी करायचे तर रीतसर कपातीपेक्षा त्यांना १९६७ च्या डब्ल्यूएओ या अपंगत्व-विम्याकडे ढकलणं मालकांना सोपं आणि संघटनांनाही सोयीचं होतं. नव्वदच्या सुमारास त्या योजनेवरची संख्या ९ लाखांच्या आसपास गेली आणि पंतप्रधान रूड लुबर्स यांनी ‘नेदरलँड्स आजारी आहे’ असं जाहीरपणे म्हटलं. त्या लाखोंमध्ये बहुसंख्य अस्सल डच होते. दार तेच, आत लोटणाराही तोच. फरक एवढाच की बाहेरून आलेले जास्त करून नेमक्या बुडणाऱ्या कारखान्यांत होते.

आजार आणि काम यांचं नातंही सरळ नसतं. दोन माणसांना सारखंच नैराश्य आहे, दोघांनाही झोपेची गोळी चालू आहे. एक जण कार्यालयात बसतो: पहिले महिने घरून काम, मीटिंगा कमी, पुढे हळूहळू पूर्ववत. दुसरा रात्रपाळीत फोर्कलिफ्ट चालवतो. ग्लानी आणणारी गोळी घेऊन त्याला त्या सीटवर कुणी बसूच देणार नाही, आणि भाषा येत नसेल तर त्याच कंपनीत बदलून दुसरं काम मिळणंही कठीण. आजार सारखा, पण नोंदीत पहिला ‘कामावर’ आणि दुसरा ‘असमर्थ’. अपंगत्व हे शरीर-मन आणि परिस्थिती यांच्या मेळातून ठरतं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये आपल्या वर्गीकरणातच लिहून ठेवलं आहे.

भत्ता सहज मिळतो म्हणणाऱ्याने नियम वाचलेले नाहीत. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यानंतर आलेल्या बहुतेक ग्रीन कार्डधारकांना एसएसआय हा गरजूंचा भत्ता मिळण्यासाठी कामाच्या ४० तिमाही, म्हणजे साधारण १० वर्षं, दाखवाव्या लागतात. निर्वासितांना यातून सूट आहे, पण त्यांच्यासाठी ७ वर्षांची मुदत आहे. नॉर्वेत २०२१ पासून आजाराने काम सुटण्याआधी साधारणपणे ५ वर्षं राष्ट्रीय विम्यात असावं लागतं, त्याआधी ही अट ३ वर्षांची होती. तेव्हा एखाद्या देशात स्थलांतरित भत्त्यावर कमी दिसले तर ते ठणठणीत आहेत असंही समजू नये. खिडकीच बंद असू शकते.

आणि ‘काम टाळतात’? ब्रिटनमध्ये आश्रयासाठी अर्ज केलेल्या माणसाला निकाल १२ महिने रखडल्याशिवाय कामाची परवानगी मागताच येत नाही, मिळाली तरी ठरावीक यादीतल्या नोकऱ्यांपुरती. नेदरलँड्समधल्या इराकी आश्रयार्थींचा २००४ चा अभ्यास आहे: आल्याला सहा महिनेही न झालेल्यांत ४२ टक्क्यांना मनोविकार होता, दोन वर्षांहून जास्त काळ निकालाची वाट पाहणाऱ्यांत ६६.२ टक्क्यांना. युद्ध दोघांनीही मागे टाकलेलं होतं. दुसऱ्या गटाच्या वाट्याला जास्तीची आली ती प्रतीक्षा.

‘पण आपली माणसं कणखर’

मेसेजला उत्तर म्हणून एका ग्रुपवर कुणीतरी अभिमानाने लिहिलं: आपल्या लोकांना बाहेर जाऊन डिप्रेशन-बिप्रेशन काही होत नाही, ही गोऱ्यांची थेरं. टाळ्यांच्या इमोजी पडल्या. मला हे उत्तर मूळ मेसेजइतकंच खोटं वाटतं.

मी काही वर्षं फोनवरून दुभाष्याचं काम केलं. एका मराठी काकांची नैराश्यासाठीची तपासणी आठवते. ठरलेली नऊ प्रश्नांची यादी, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. पहिला प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत आवडीच्या गोष्टींत रस वाटेनासा झालाय का?

‘‘आवडीनिवडीला वेळ कुठे असतो, ताई?’’ शून्य.

निराश, उदास वाटतं का?

‘‘नाही हो, तसं काही नाही. सगळं व्यवस्थित आहे.’’ शून्य.

मग झोपेचं विचारलं आणि बांध फुटला. दोन वाजता जाग येते, छातीत धडधडतं, सकाळी जीव घाबराघुबरा होतो, कशात म्हणून जीव रमत नाही. मी शब्दन् शब्द पोचवला. ‘जीव रमत नाही’ हे पहिल्याच प्रश्नाचं उत्तर होतं, पण त्या रकान्यात शून्य पडून गेलं होतं आणि दुभाष्याने स्वतःचं मत घालायचं नसतं. एकटे दुकानापर्यंत जाता का, असं विचारल्यावर काका म्हणाले, ‘‘जातो की.’’ मागून काकूंचा आवाज आला, ‘‘अहो, एकटे कुठे जाता? बाळ असतो ना बरोबर.’’ तेही मी सांगितलं. फक्त त्यांचं उत्तर हवंय, असं पलीकडून आलं.

बेरीज झाली २७ पैकी ६. सहा म्हणजे ‘सौम्य’. काका फोन ठेवताना ‘‘थँक्यू ताई, तुम्हाला उगाच त्रास’’ म्हणाले.